बौद्ध धम्म कुठून आला आणि नेमकं काय सांगतो

बौद्ध धम्माचा विषय निघाला की लोकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. बुद्ध देव मानायचे का? आत्मा मानायचे का? आत्मा नाही तर मग पुनर्जन्म कोणाचा? आणि सगळं दुःखच आहे म्हणणारा धर्म निराशावादी नाही का? प्रश्न चांगलेच आहेत, पण त्यांची उत्तरं सुटी सुटी द्यायला गेलं की जास्तच कन्फ्युजन होतं, कारण ह्या सगळ्या उत्तरांच्या मागे एकच विचार आहे आणि तो आधी कळला की बाकीचं बरंचसं आपसूक जागेवर बसतं. म्हणून आधी तो विचार सांगतो, मग मागे जाऊन हे सगळं सुरू कुठून झालं ते बघू.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. राजगृहात उपतिस्स नावाचा एक तरुण परिव्राजक राहायचा, सत्य काय ते शोधत फिरणारा. एका सकाळी त्याला भिक्षेला निघालेला अस्सजी नावाचा भिक्खू दिसला आणि त्याचं ते शांत चालणं बघूनच उपतिस्साला वाटलं की ह्या माणसाला काहीतरी सापडलंय. त्याने विचारलं, तुमचे गुरू कोण, ते काय शिकवतात? अस्सजी म्हणाला, मी नवीन आहे, विस्ताराने नाही सांगता येणार. उपतिस्स म्हणाला थोडक्यातच सांगा, मला अर्थाशी मतलब आहे. तेव्हा अस्सजीने जी गाथा म्हटली ती अशी: ये धम्मा हेतुप्पभवा तेसं हेतुं तथागतो आह, तेसञ्च यो निरोधो एवंवादी महासमणो. म्हणजे ज्या गोष्टी कारणातून जन्मतात त्यांचं कारण तथागतांनी म्हणजे बुद्धांनी सांगितलं, आणि त्या कशा थांबतात तेही सांगितलं, त्या महाश्रमणाचं म्हणणं हेच आहे.

बस, एवढंच. उपतिस्साला तेवढं पुरलं, आणि तोच पुढे सारिपुत्त म्हणून बुद्धांचा सगळ्यात मोठा शिष्य झाला. ही गाथा नंतर मातीच्या छोट्या मुद्रांवर, मूर्तींच्या पायथ्याशी, स्तुपांच्या आत अशी आशियाभर कोरलेली सापडते. मला विचाराल तर बुद्धांच्या शिकवणीचा गाभा हाच आहे. काहीच उगाच होत नाही, प्रत्येक गोष्टीला कारणं असतात, आणि कारण काढलं की ती गोष्ट थांबते. दुःखालाही हेच लागू, 'मी' नावाच्या गोष्टीलाही हेच लागू आणि समाजातल्या उच्चनीचतेलाही हेच.

आता तो काळ बघा. बुद्धांचा जन्म परंपरेने इ.स.पू. ५६३ चा धरतात, आजचे बरेच अभ्यासक त्यांना साधारण ऐंशी-शंभर वर्षं अलीकडे आणतात, पण काळ मोटामोटी तोच. गंगेच्या खोऱ्यात लोखंडाचा वापर वाढलेला, शेती वाढलेली, राजगृह, श्रावस्ती, वैशाली, कोसंबी अशी मोठी शहरं उभी राहिलेली, व्यापाऱ्यांचे तांडे फिरतायत, नाणी चलनात येतायत, मगध आणि कोसल ही राज्यं आजूबाजूच्या छोट्या गणराज्यांना गिळत चाललीयत. जुन्या टोळीच्या जगात माणसाची जागा ठरलेली होती, शहरात ती राहिली नाही, आणि असं झालं की माणसं मोठे प्रश्न विचारायला लागतात. एकीकडे यज्ञ आणि वर्ण ह्यांच्यावर उभी असलेली वैदिक परंपरा होती, दुसरीकडे घर सोडून रानावनात फिरणारे श्रमण होते ज्यांना यज्ञ आणि वेदांचा अधिकार मान्य नव्हता. ह्या श्रमणांमध्ये सुद्धा एकमत अजिबात नव्हतं. मक्खलि गोसाल म्हणायचे सगळं नियतीने ठरलेलं आहे, माणसाच्या धडपडीला अर्थ नाही. अजित केसकंबल म्हणायचे देह मेला की संपलं, पाप नाही पुण्य नाही. पूरण कस्सप म्हणायचे की कोणाला मारलं तरी पाप लागत नाही आणि दान केलं तरी पुण्य मिळत नाही. निगंठ नातपुत्त म्हणजे जैनांचे महावीर, ते कठोर तपाने जुनं कर्म जाळायला सांगायचे. हे सगळं मुद्दाम सांगतोय कारण बुद्ध ह्या वादविवादाच्या मधोमध उभे राहून बोलतायत, त्यांचं बरंचसं म्हणणं ह्या लोकांना दिलेलं उत्तर आहे.

सिद्धार्थ गौतमांचा जन्म लुंबिनीचा, आज ती जागा नेपाळात आहे. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे आणि त्यावर लिहिलंय की राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली आणि लुंबिनी गावाचा कर कमी केला. हा स्तंभलेख १८९६ मध्ये उजेडात आला. वडील शुद्धोदन, आई महामाया बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली, मग मावशी महाप्रजापती गौतमीने वाढवलं. टीव्हीवर आणि चित्रांमध्ये दाखवतात तसलं मोठं साम्राज्य वगैरे तिथे नव्हतं, शाक्य हे एक गणराज्य होतं, निर्णय संथागारात म्हणजे सभागृहात बसून व्हायचे आणि वर कोसलच्या राजाचं वर्चस्व होतं. लग्न यशोधरेशी, मुलगा राहुल, आणि वयाच्या २९ व्या वर्षी गृहत्याग.

गृहत्याग का केला ह्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला आणि राजपुत्र मध्यरात्री घोड्यावर बसून निघून गेला. पण २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा माणूसच बघितला नव्हता हे पटतं का? बाबासाहेब आंबेडकरांना ते अजिबात पटलं नाही आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी तर मूळ पाली सुत्तं म्हणजे बुद्धांची प्रवचनं समोर ठेवून दाखवलं की जुन्या सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात, आईवडील (आई म्हणजे इथे वाढवणारी मावशी धरायची) रडत असताना मी केस-दाढी काढून घर सोडलं. म्हणजे लपून जाणं नाही, सगळ्यांच्या देखत जाणं. दुसऱ्या एका जुन्या सुत्तात बुद्ध सांगतात की आटत चाललेल्या पाण्यात मासे जसे तडफडतात तशी माणसं तडफडताना आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली पाहिली आणि मला भीती वाटली. बाबासाहेबांनी गृहत्यागाचं कारण शाक्य आणि कोलिय ह्यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात बघितलं, सिद्धार्थांनी युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं असं ते मांडतात. आणि म्हातारपण-आजार-मरण हा भाग खोटा आहे असंही नाही, एका सुत्तात बुद्ध सांगतात की ह्या तिन्हींचा विचार केल्यावर माझा तारुण्याचा, आरोग्याचा आणि जगण्याचा माज उतरला. चार दृश्यांची कथा ही त्या विचाराला नंतर चढवलेला नाट्यमय साज असणार असं मला वाटतं. भांडण बघून आलेली भीती आणि मरणाच्या विचाराने उतरलेला माज, दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं की.

पुढची सहा वर्षं शोधाची. आधी आळार कालाम, मग उद्दक रामपुत्त ह्या दोन गुरूंकडे ध्यान शिकले, आळार कालाम म्हणाले आता तू माझ्या बरोबरीचा झालास, उद्दकांनी तर आपला शिष्यगणच सांभाळायला देऊ केला, पण सिद्धार्थांना दिसलं की ध्यानातून उठलं की दुःखाचं मूळ जागच्या जागी आहे. मग उरुवेलेला पाच सोबत्यांबरोबर भयंकर तप, उपास इतके की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा असं वर्णन आहे. त्यातूनही काही हाती आलं नाही. तेव्हा त्यांनी जे केलं ते त्या काळच्या हिशोबाने धक्कादायक होतं, त्यांनी खायला सुरुवात केली. सुजातेच्या खिरीचा प्रसंग इथलाच. सोबती म्हणाले गौतम बिघडला, आणि सोडून गेले. ऐषआरामातून काही मिळालं नाही, देह जाळूनही मिळालं नाही, मग नैरंजना नदीच्या काठी पिंपळाखाली बसून त्यांनी आपलंच मन तपासलं, दुःख कशातून येतं, ते कशातून येतं, आणि ते कशातून, असं मागे मागे जात. वयाच्या ३५ व्या वर्षी बोधी मिळाली ती जागा म्हणजे आजचं बोधगया. मग वाराणसीजवळ सारनाथला जाऊन त्याच पाच रुसलेल्या सोबत्यांना आषाढी पौर्णिमेला पहिलं प्रवचन दिलं. त्या पाचांपैकीच एक हा अस्सजी.

सारनाथला काय सांगितलं? आधी मध्यम मार्ग, मग चार आर्यसत्यं. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःख थांबू शकतं, आणि थांबवायची वाट आहे. परत वरच्या गाथेकडे बघा, अगदी तोच साचा आहे. चारपैकी एकाच वाक्यात दुःख आहे आणि बाकीच्या तिघांत ते का आहे आणि कसं जाईल हे आहे, त्यामुळे निराशावादाचा आरोप पहिलं वाक्य वाचून पुस्तक मिटणाऱ्यांचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुःख म्हणजे फक्त रडारड, वेदना नव्हे. तीन थर सांगितलेत. एक उघड दुःख, दात दुखतोय, कोणी गेलं, आजारपण आलं. दुसरं बदलातून येणारं, म्हणजे आत्ता सुख आहे पण ते टिकत नाही आणि टिकणार नाही हे आतून माहीत असल्यामुळे सुखातही एक धाकधूक असते. तिसरा थर जास्त सूक्ष्म, आपण ज्याला 'मी आणि माझं' म्हणून धरून बसतो ते सगळंच सतत बदलणाऱ्या गोष्टींचं बनलेलं आहे, त्यामुळे धरून बसणं हेच ओझं होतं. आणि कारण काय, तर तण्हा म्हणजे तहान. हवं हवं वाटणं, अमुक व्हावंसं वाटणं, आणि नको ते नाहीसं व्हावंसं वाटणं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते की बुद्ध कोणतीही इच्छा ठेवू नका म्हणतात. तसं नाही, चांगलं करायची इच्छा, शिकायची इच्छा, दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा, ही तर मार्गावर लागतेच. अडचण त्या चिकटून बसण्याची आहे, जे बदलणारच आहे ते बदलू नये असा हट्ट.

हे समजायला संयुत्त निकाय ह्या सुत्तांच्या संग्रहातलं बाणाचं उदाहरण मला फार आवडतं. एखाद्याला बाण लागला आणि लगेच त्याच्यावर दुसरा बाण मारला तर? साधा माणूस असाच दोन बाणांचं दुःख भोगतो, शरीराला लागलं ते पहिलं आणि त्यावर केलेला शोक, चिडचिड, माझ्याच वाट्याला का हा आक्रोश, हे दुसरं. शहाण्या माणसालाही पहिला बाण लागतोच. बुद्धांनाही म्हातारपणी पाठदुखी होती, एका सुत्तात ते सारिपुत्ताला म्हणतात की आता तू शिकव, माझी पाठ दुखतेय, मी जरा पडतो. दुसरा बाण मात्र त्यांना लागत नाही. निब्बाण म्हणजे मेल्यावर मिळणारा कुठला तरी स्वर्ग असं समजू नका, लोभ, द्वेष आणि मोह ह्या तीन आगी विझणं म्हणजे निब्बाण, आणि ते जिवंतपणीच होतं, बुद्ध त्यानंतर ४५ वर्षं चालत फिरले, जेवले, वाद घातले, माणसं सांभाळली.

चौथं सत्य म्हणजे अष्टांगिक मार्ग. आठ अंगांची यादी पाठ करण्यापेक्षा ते तीन भागांत बघितलं तर सोपं जातं. शील म्हणजे वागणं, त्यात सम्यक म्हणजे योग्य वाचा, सम्यक कर्मान्त म्हणजे योग्य कृती आणि सम्यक आजीविका. समाधी म्हणजे मनाची तयारी, त्यात सम्यक व्यायाम म्हणजे योग्य प्रयत्न, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. आणि प्रज्ञा म्हणजे समज, त्यात सम्यक दृष्टी आणि सम्यक संकल्प. ह्या एकामागून एक चढायच्या पायऱ्या नाहीत, तिन्ही एकमेकांना धरून चालतात, जो दिवसभर खोटं बोलतो त्याचं मन रात्री ध्यानात कसं बसेल? आजीविकेचा मुद्दा मला विशेष वाटतो कारण पोट भरायचा धंदा हा धर्माचा विषय आहे असं ते सांगतात, आणि उपासकाने पाच धंदे करू नयेत असं नाव घेऊन सांगतात, शस्त्रांचा, प्राण्यांचा आणि माणसांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा.

आता सगळ्यात अवघड भाग, अनात्मता. त्या काळी बहुतेक सगळे म्हणत होते की आत कुठेतरी न बदलणारा, कायमचा आत्मा आहे. बुद्ध म्हणाले दाखवा. माणूस तपासला तर पाच गोष्टी सापडतात, रूप म्हणजे शरीर, वेदना म्हणजे सुखद-दुःखद जाणवणं, संज्ञा म्हणजे ओळखणं, संस्कार म्हणजे मनाच्या सवयी आणि इरादे, आणि विज्ञान म्हणजे जाणीव. पाचही बदलतात, पाचही कारणांवर अवलंबून आहेत, ह्यातलं कोणतं तुमच्या हुकमात आहे? नंतरच्या काळात मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन ह्यांचा संवाद आहे, त्यात नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळं काढून टाकल्यावर रथ उरतो का? तेही नाही. ह्या भागांच्या जुळणीला व्यवहारात रथ म्हणतात इतकंच, तसंच नागसेन हे नावसुद्धा एका जुळणीचं नाव आहे. म्हणजे तुम्ही अस्तित्वातच नाही असं कोणी म्हणत नाहीये, तुम्ही वस्तू नसून घडामोड आहात एवढंच.

मग पुनर्जन्म कोणाचा? त्याच संवादात उत्तर आहे, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्या दिव्यातून काही उडी मारून दुसऱ्यात जातं का? नाही, पण पहिल्याशिवाय दुसरा पेटलाही नसता. तोच माणूस नाही आणि अगदी दुसराही नाही, कारणांची साखळी पुढे चालू राहते. हे साखळीचं तत्त्व म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद, हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही. अविद्येपासून म्हातारपण-मरणापर्यंत १२ कड्या मोजल्यात, सगळ्या इथे उलगडत नाही, पण वेदना आणि तण्हा ह्यांच्यामधली कडी लक्षात ठेवा, कारण साखळी तुटते ती इथे. छान वाटलं की लगेच 'अजून हवं' आणि वाईट वाटलं की लगेच 'नको' ही उडी इतकी झटक्यात होते की आपल्याला कळतही नाही, आणि स्मृती म्हणजे सावधपणे बघण्याचा सगळा सराव ती उडी दिसावी म्हणूनच आहे.

कर्माचा अर्थही इथे बदलतो. बुद्ध स्पष्ट म्हणतात की चेतनेला, म्हणजे इराद्याला मी कर्म म्हणतो. यज्ञात मंत्र बरोबर म्हटला का, विधी चुकला का, ह्याचा संबंध नाही, मनात काय होतं ते महत्त्वाचं. आणि जे काही भोगतोय ते सगळं मागच्या कर्माचंच फळ असं म्हणणाऱ्यांना त्यांनी खोडून काढलंय, पित्तामुळे, हवामान बदलल्यामुळे, कोणी मारल्यामुळे सुद्धा वेदना होतात असं ते सिवक नावाच्या परिव्राजकाला सांगतात. गरिबाच्या, आजाऱ्याच्या तोंडावर 'तुझ्याच कर्माचं फळ' असं फेकणाऱ्यांनी हे सुत्त जरूर वाचावं.

जन्मावरून मोठेपणा हा तर त्यांनी मुळातच उखडला. वासेट्ठ आणि भारद्वाज ह्या दोन ब्राह्मण तरुणांमध्ये वाद लागला की ब्राह्मण जन्माने होतो की वागण्याने, ते बुद्धांकडे आले. बुद्धांनी दिलेलं उत्तर बघा, गवताच्या जाती वेगळ्या दिसतात, किड्यांच्या, माशांच्या, पक्ष्यांच्या जाती अंगावरून वेगळ्या दिसतात, पण माणसांमध्ये डोकं, कान, डोळे, हात-पाय कशातच असा फरक नाही, शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी, फरक कामाने पडतो. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं राहिलं नाही. अनुरुद्ध, आनंद असे शाक्य कुळातले तरुण संघात यायला निघाले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. त्या शाक्यांनीच बुद्धांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व जाईल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या वेळेवरून ठरायची. हाच उपाली पुढे विनयाचा सगळ्यात मोठा जाणकार झाला. स्त्रियांच्या बाबतीत वाट जास्त खडतर होती, महाप्रजापती गौतमी अनेक शाक्य स्त्रियांसोबत पायी चालत वैशालीला आली, आधी नकार मिळाला, आनंदाने मध्ये पडून विचारलं की स्त्रियांना अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त होता येतं की नाही, उत्तर होय आलं, आणि मग भिक्खुणी संघ उभा राहिला, जादा नियम लादून का होईना. त्या थेरींच्या म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या स्वतःच्या गाथा आजही वाचायला मिळतात आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बायका आपल्या मुक्तीबद्दल इतक्या मोकळेपणाने बोलतायत हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

देवाचं काय? सुत्तांमध्ये देव भरपूर आहेत, ब्रह्मा येतो, इंद्र येतो, पण तेही जन्मतात-मरतात आणि प्रश्न विचारायला बुद्धांकडेच येतात. जग निर्माण करणारा आणि आपलं भलंबुरं ठरवणारा ईश्वर मात्र ह्या मांडणीत नाही, त्याची गरजच पडत नाही, कारण सगळं कारणांनी चालतं. जग शाश्वत आहे का, अंत आहे का, तथागत मेल्यावर असतात का, असे प्रश्न मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने हट्टाने विचारले तेव्हा बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला की मारणारा कोणत्या कुळाचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर उत्तरं मिळायच्या आत तो मरेल. माझं काम बाण काढणं. आणि केसपुत्त गावच्या कालाम लोकांना त्यांनी सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, लोभ-द्वेष-मोहातून आलेलं काय आणि त्यातून नुकसान कसं होतं ते स्वतः बघा आणि मग सोडा किंवा धरा.

बाकी इतिहास पटकन सांगतो. पहिले ६० भिक्खू तयार झाले तेव्हाच त्यांना सांगितलं गेलं की बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी फिरा, एका वाटेने दोघं जाऊ नका. मगधचा बिंबिसार, कोसलचा पसेनदी, श्रावस्तीचा व्यापारी अनाथपिंडिक अशा लोकांचा आधार मिळाला. वयाच्या ८० व्या वर्षी कुसिनारेला महापरिनिब्बाण म्हणजे देहान्त, त्याआधी चुंद नावाच्या लोहाराकडचं जेवण शेवटचं ठरलं, आणि चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून बुद्धांनी आनंदाला बजावून सांगितलं की बोधीआधीचं आणि हे शेवटचं, अशी दोन्ही जेवणं सारखीच पुण्याची. वारस कोणी नेमला नाही, धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते असं सांगितलं. मग राजगृहाला पहिली संगीती म्हणजे भिक्खूंची सभा भरली, उपालीने विनय म्हणून दाखवला, आनंदाने सुत्तं म्हणून दाखवली, काही शतकं सगळं पाठांतरावर चाललं आणि इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक म्हणजे ह्या सगळ्या शिकवणीचा संग्रह लिहून काढला गेला. अशोकाच्या काळापासून धम्म दूरवर गेला, त्याच्या आदेशांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही सापडलेत, आणि भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा ही लेणी कोणी कोरवली ते तिथल्या शिलालेखांत वाचा, व्यापारी, सुतार, भिक्खुणी, साधी गृहस्थ माणसं दान देताना दिसतात. पुढे धम्माच्या शाखा झाल्या, थेरवाद श्रीलंका, म्यानमार, थायलंडकडे रुजला, महायान चीन, कोरिया, जपानकडे, वज्रयान तिबेट आणि लडाखकडे. महायानात स्वतः सुटण्यापेक्षा सगळ्यांना सोडवायला थांबणाऱ्या बोधिसत्वाचा आदर्श मोठा झाला.

भारतात मात्र धम्म जवळपास नावापुरता उरला होता, तो १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात परत उभा राहिला. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली, २२ प्रतिज्ञांसह. त्यांच्या जाण्यानंतर १९५७ मध्ये आलेल्या त्यांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' ह्या ग्रंथात त्यांनी चार आर्यसत्यं मूळची का भिक्खूंनी नंतर घातलेली असा थेट सवाल केलाय, मागच्या जन्माच्या कर्माने आजची गरिबी समजावणं त्यांनी साफ नाकारलंय, आणि दुःखाकडे बघताना माणसाने माणसाला दिलेलं दुःख, शोषण, हे मध्यभागी आणलंय. जुन्या परंपरेतले काही लोक म्हणतात हे मूळ सोडून आहे. मला तसं वाटत नाही, तण्हा एकट्या माणसाच्या मनात असते तशी ती व्यवस्थेतही असते, आणि कारण शोधा म्हटल्यावर ते शोधत समाजापर्यंत जाणं ही त्या गाथेचीच पुढची पायरी आहे. पण मतभेद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही, दोन्ही बाजू वाचूनच ठरवावं.

बौद्ध व्हायचं म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय, तर त्रिशरण आणि पंचशील. बुद्ध, धम्म आणि संघ ह्यांना शरण जायचं, म्हणजे रस्ता दाखवणारा, रस्ता आणि त्यावर चालणारे सोबती. आणि पाच शिक्षापदं घ्यायची, जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, कामवासनेतून गैर वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. ह्या वरून आलेल्या आज्ञा नाहीत, 'समादियामि' म्हणजे मी स्वतःहून घेतोय, मोडलं तर शिक्षा करायला वर कोणी बसलेलं नाही, परिणाम मात्र आपल्या जागी आहे. पहिल्या चारात दुसऱ्याला थेट इजा आहे, पाचव्यात तशी दिसत नाही म्हणून बरेच जण विचारतात की कोणाला त्रास न देता घरात बसून घेतली तर काय बिघडलं. त्याचं उत्तर त्या शिक्षापदाच्या शब्दांतच आहे, दारूला तिथे पमादट्ठान म्हटलंय, बेसावधपणाची जागा, कारण सावधपणा गेला की वरच्या चारांपैकी काहीही मोडायला वेळ लागत नाही.